सती, चंक्रमण आणि विषाद

विषादग्रस्त मनावर ध्यान आणि व्यायाम यांचा संयुक्त उपचार करून पाहणारा एक शोधनिबंध अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या ब्रँडन ऑल्डरमन, ट्रेसी शोर्स व सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. एकूण ५२ जणांनी, ज्यांत २२ विषादग्रस्त होते, आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २० मिनिटे बसून ध्यान, १० मिनिटे चालत ध्यान आणि ३० मिनिटे व्यायाम केला. विषादग्रस्तांची लक्षणे कमी झाली. तेच ते दुःख उगाळणेही घटले. निष्कर्ष आशादायक आहे. मात्र उपचाराविना राहिलेला तुलनागट नसल्याने त्यावर मोठी इमारत उभारता येणार नाही.

बौद्ध अभ्यासकाला ही सांगड अपरिचित नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही अवस्था स्मृतीचे विषय आहेत. अंगुत्तरनिकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगताना आरोग्य आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी यांचा एकत्र उल्लेख येतो. तथापि ‘आमच्या ग्रंथांत हे आधीच होते’ एवढ्यावर समाधान मानणे उथळपणाचे ठरेल. सुत्तांतील थीनमिद्ध म्हणजे साधकाची सुस्ती. विषाद हा वैद्यकीय उपचार मागणारा आजार आहे. दोहोंची गल्लत झाली, तर रुग्णालाच आळशी ठरविण्याचा अन्याय घडेल.

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. वाशीच्या बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगाराचे शरीर दिवसभर हालतच असते. त्याला विषादाने ग्रासले, तर व्यायामाचा उपदेश काय कामाचा? श्रम आणि स्वेच्छेने केलेले चंक्रमण यांत फुरसतीचे, विश्रांतीचे आणि सन्मानाचे अंतर आहे. प्रयोगशाळा ते मोजत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माचे मर्म माणसामाणसांतील न्याय्य संबंधांत पाहिले. त्या संबंधांपासून तोडलेली सती केवळ सहन करण्याचे तंत्र बनते.

म्हणून नवी मुंबईतील विहारांनी वंदनेनंतर सामूहिक चंक्रमण अवश्य सुरू करावे. एकाकी माणसाला त्यातून सोबत लाभेल. परंतु औषध परस्पर बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. खचलेल्या बांधवाला डॉक्टरांकडे आपण स्वतः घेऊन जावे. तेथवर सोबत चालणे हेही मैत्रीचेच आचरण होय.