वाट पाहायला लावणारी कादंबरी

तमिळ वाचकांनी एका चित्रपटाची जवळजवळ सात दशकं वाट पाहिली. कल्की कृष्णमूर्ती यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही पाच भागांची कादंबरी ‘कल्कि’ साप्ताहिकात १९५० ते १९५४ या काळात क्रमशः छापून आली. १९५८ साली अभिनेते एम. जी. रामचंद्रन यांनी तिच्यावर चित्रपट करायला घेतला, तो तडीस गेला नाही. दिग्दर्शक मणिरत्नम यांचेही आधीचे प्रयत्न अर्ध्यावर राहिले. अखेर ३० सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या चित्रपटाचा पहिला भाग झळकला. एवढ्या वर्षांत वाचकांचा धीर सुटला कसा नाही? मला वाटतं, त्यांना वाट पाहायला कल्कींनीच शिकवलं होतं.

कादंबरीचं पहिलंच प्रकरण पाहा. आडि या तमिळ महिन्याचा अठरावा दिवस. कावेरीला आणि तिच्या उपनद्यांना नवं पाणी आलंय. वीरनारायण तलावाच्या बांधावरून वंदियदेवन नावाचा तरुण स्वार एकटाच चाललाय. चौऱ्याहत्तर मोऱ्यांमधून पाणी शेतांकडे धावतंय. गावोगावची माणसं बायकापोरांसह आली आहेत, काठावर बसून चित्रान्न खाताहेत, बायका पाण्यात फुलं सोडताहेत, होड्यांमधून गाणी ऐकू येताहेत. घोडा रमतगमत चाललाय आणि लेखकालाही घाई नाही. तेवढ्यात ताडवृक्षाच्या निशाणाच्या मोठ्या नावा येतात. शिपाई काठावरच्या लोकांना मागे हटवू लागतात. कुणीतरी दबल्या आवाजात पळुवेट्टरैयर या बलाढ्य सरदारांचं नाव घेतं. राज्यात खरी सत्ता कुणाच्या हाती आहे, हे कल्की शब्दांत सांगण्याआधी दाखवतात. आधी दिसते ती सणाच्या गर्दीत पडलेली वाट.

मग येते ती पडदे लावलेली पालखी. आत पळुवेट्टरैयरांची तरुण पत्नी नंदिनी आहे, असं सगळे धरून चालतात. वंदियदेवन कडंबूरच्या वाड्यात मुक्कामाला उतरतो, मध्यरात्री त्याची झोपमोड होते आणि सरदारांची गुप्त बैठक त्याच्या कानांवर पडते. सम्राट सुंदर चोळांच्या मुलांना डावलून दुसऱ्याच कुणाला गादीवर बसवायचा बेत शिजतोय. पालखीचा पडदा सरतो आणि आतून बाहेर पडतो तो राजपुत्र मधुरांतक! हा धक्का बसतो, कारण तोवर आपल्याला वंदियदेवनाइतकंच दिसलेलं आणि ऐकू आलेलं असतं. कल्की वाचकाला त्याच्या शेजारी अंधारात उभं करतात.

सर्वांत मोठी वाट पाहायची ती शीर्षकातल्या नायकाची. ‘पोन्नियिन सेल्वन’ म्हणजे राजपुत्र अरुळमोळीवर्मन, पुढचा राजराज चोळ. पहिला भाग संपतो तरी तो समोर येत नाही. बहीण कुंदवै त्याच्याबद्दल बोलते, प्रजा त्याचं नाव घेते, शत्रू त्याला वचकून असतात. प्रत्यक्ष भेट होते ती दुसऱ्या भागात, श्रीलंकेत. तोवर ऐकून ऐकून वाचकाने आपल्या मनात त्याचं रूप घडवलेलं असतं. साप्ताहिकाच्या वाचकाला तर दोन अंकांमधला आठवडाही पुरा काढावा लागत होता.

कल्कींचं मोठेपण खरं दिसतं ते शेवटी. पाच भाग आपण ज्या राज्याभिषेकाची वाट पाहिली, तो ऐन वेळी दुसऱ्याच्या वाट्याला जातो. अरुळमोळी मुकुट राजघराण्यातल्याच उत्तम चोळाच्या डोक्यावर ठेवतो. इतिहासातही उत्तम चोळाने आधी राज्य केलं, राजराज ९८५ साली गादीवर आला. कल्कींनी या नोंदीतून त्यागाचा कळस उभा केला आणि वाचकाची हुरहूर आदरात बदलली. आपल्यालाही राजराज परका नाही. तंजावरच्या ज्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, ते मंदिर याच राजराजाने बांधलं.

चित्रपटाला अडचण इथेच येते. पालखीतला चेहरा कुणाचा, हे पुस्तकात शोधावं लागतं. ऐश्वर्या राय नंदिनी साकारणार, हे प्रेक्षकाला पोस्टरवरूनच ठाऊक होतं. दोन भागांत सगळं बसवायचं तर तलावाकाठी रेंगाळायला वेळ कुठला? मणिरत्नम यांनी सुरुवातच रणांगणावर केली. रवी वर्मन यांचं छायाचित्रण आणि ए. आर. रहमान यांचं संगीत यांनी चोळदेश डोळ्यांसमोर आणि कानांत उभा केला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण कल्कींची ती संथ चाल पडद्यावर आली नाही.

आवडत्या ऐतिहासिक कादंबरीवर चित्रपट येतोय असं कळलं की आपण आधी नटांची नावं विचारतो. त्याऐवजी, या पुस्तकात कोणती गोष्ट उशिरा कळते आणि ती उशिरा कळण्यातच गोडी का आहे, हे विचारावं. दिग्दर्शकाने ते ओळखलंय का, यावर माझ्या लेखी चित्रपटाचं यश ठरतं. ‘पोन्नियिन सेल्वन’चे इंग्रजी अनुवाद मिळतात. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पुस्तक वाचा, आणि पाहिला असेल तर आता तरी नक्की वाचा.