एक पुस्तक, दोन आक्षेप : मायक्रोनेशियाचा 'विकास' वाचताना



पूर्वसाहित्याचा आढावा लिहिताना बरेच जण एका ठिकाणी हमखास अडकतात. पुस्तक वाचून होतं, सारांश छान उतरतो, आणि मग मार्गदर्शक विचारतात, "हे लेखकाचं झालं. तुमचं म्हणणं काय?" या प्रश्नाची तयारी कशी करायची, हे आज एकाच पुस्तकावर करून बघू. पुस्तक आहे डेव्हिड हॅनलन यांचं 'रिमेकिंग मायक्रोनेशिया' (१९९८).

आधी थोडी पार्श्वभूमी. फिलिपिन्सच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात विखुरलेली शेकडो छोटी बेटं म्हणजे मायक्रोनेशिया. स्पेनने १८९९ मध्ये कॅरोलाइन बेटं आणि ग्वाम वगळता मारियाना बेटं जर्मनीला अडीच कोटी पेसेटांना विकली. मार्शल बेटं आधीच जर्मनीकडे होती. १९१४ मध्ये हे सगळं जपानने घेतलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा प्रदेश अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवला. असे एकूण ११ विश्वस्त प्रदेश होते, पण 'सामरिक' असा शिक्का फक्त यालाच. त्यामुळे अंतिम निर्णय सुरक्षा परिषदेकडे, आणि तिथे अमेरिकेला नकाराधिकार! विश्वस्तानेच स्वतःला तपासायचं, असा हा मामला.

हॅनलन यांचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकी काळातला 'आर्थिक विकास' ही निव्वळ योजनांची यादी नव्हती. बेटवासीयांनी कसं राहावं, काय खावं, कशाला काम म्हणावं, हे बदलण्याचा तो प्रयत्न होता. आणि बेटवासीयांनीही तो मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांनी तो वाकवला, आपल्या कामाला लावला, कधी सरळ नाकारला.

हा दावा किती पेलतो ते बघा. १९६३ मध्ये केनेडी सरकारने अर्थतज्ज्ञ अँथनी सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठवलं. शिक्षण, आरोग्य, सार्वजनिक बांधकाम यांवरचा खर्च वाढवा, अशी शिफारस आली. सोबत सार्वमताची आखणीही होती, जेणेकरून बेटं कायमची अमेरिकेशी जोडली जातील. म्हणजे शाळा, दवाखाने आणि मतपेटी, तिन्ही एकाच हिशेबात. हे एकदा कळलं की 'शिक्षणावरील खर्च वाढला' हे वाक्य तुम्ही पूर्वीसारखं वाचू शकत नाही.

दुसरं उदाहरण क्वाजालीनचं. तिथे अमेरिकेचा क्षेपणास्त्र तळ. तळावर राबणारे मार्शलवासी शेजारच्या एबाई बेटावर राहतात. बेटाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, आणि त्यावर हजारो माणसं. कागदावर ही रोजगाराची संधी. पण १९८२ मध्ये जमीनमालक आणि त्यांची कुटुंबं होड्यांत बसून आपल्याच बेटांवर परत गेली आणि कित्येक महिने तिथे ठाण मांडून बसली. रोजगाराच्या आकडेवारीत ही घटना कुठल्या रकान्यात टाकणार?

इथवर पुस्तकाची ताकद. आता आक्षेप.

पहिला आक्षेप सुरुवातीच्या वर्षाचा. पुस्तकाच्या उपशीर्षकातला काळ १९४४ ते १९८२. पण 'विकास' म्हणजे उत्पादन वाढणं असेल, तर त्याची सर्वांत मोठी लाट त्याआधीच येऊन गेली होती. जपानी काळात सायपान आणि टिनियनवर उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहिले, अंगाउर बेटावर फॉस्फेटच्या खाणी जोरात चालल्या. दशकाच्या अखेरीस, म्हणजे १९४० च्या आसपास, या बेटांवर स्थानिकांपेक्षा जपानी वसाहतकरी जास्त झाले होते. उत्पादन होतं, नफा होता, पण मूळ रहिवासी कडेला पडले होते. 'वाढ आणि भलं या वेगळ्या गोष्टी आहेत' याचा इतका ठळक दाखला चौकटीबाहेर राहिला, की 'विकासाची भाषा' ही जणू अमेरिकेचीच खासियत वाटू लागते. दोन सत्तांची तुलना मध्यभागी असती, तर हॅनलन यांचाच मुद्दा अधिक पक्का झाला असता.

दुसरा आक्षेप शेवटच्या वर्षाचा. पुस्तक १९८२ ला थांबतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी या भागातल्या देशांनी ट्यूना मासेमारीवर एकत्र वाटाघाटी करण्यासाठी नाउरू करार केला. पुढे २००७ पासून त्यांनी परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली आणि दिवसाची किमान किंमत स्वतः ठरवली. मायक्रोनेशिया संघराज्याची जमीन जेमतेम ७०० चौरस किलोमीटर, पण समुद्री आर्थिक क्षेत्र जवळपास ३० लाख! योजना प्रशासनाची आणि प्रतिसाद बेटवासीयांचा, या मांडणीत हा प्रसंग नीट बसत नाही. इथे डाव बेटांनीच मांडला.

'एवढ्याशा शब्दावरून इतका वाद कशाला?' असं वाटेल. तर हे बघा. २०२४ मध्ये अमेरिकेने पलाऊ, मार्शल बेटं आणि मायक्रोनेशिया संघराज्य यांच्याबरोबरचे करार पुढे चालू ठेवले. २० वर्षांसाठी सुमारे ७.१ अब्ज डॉलर. त्या बदल्यात इतर देशांच्या लष्कराला या पाण्यात मज्जाव करण्याचा अमेरिकेचा हक्क कायम राहिला. या रकमेला तुम्ही 'मदत' म्हणालात, की हे देश परावलंबी ठरले. 'मोबदला' म्हणालात, तर ते एका महत्त्वाच्या गोष्टीचे मालक ठरतात. डॉलर तेवढेच, पण वाटाघाटीच्या टेबलावर माणूस कुठल्या खुर्चीत बसणार, हे त्या शब्दावरून ठरतं. तुमचा प्रबंध यातला कुठला शब्द वापरणार, हा निर्णय तुमचाच आहे.

आता एक काम करा. तुमच्या विषयातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक काढा. ते कुठल्या वर्षी सुरू होतं आणि कुठल्या वर्षी थांबतं, ते वहीत लिहा. त्याच्या एक पाऊल अलीकडे आणि एक पाऊल पलीकडे काय घडलं, ते शोधा. मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.