किलोमागे ५६ युनिट: एका पेपरचं वाचन आणि वादात तोंडघशी पडलेली मी

बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या डोक्यात अ‍ॅक्वापॉनिक्स शिरलं. खाली मासे, वर भाजी. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, झाडं ते नायट्रेट शोषून घेतात आणि पाणी परत माशांकडे जातं. डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हे सगळं बसवायचं, असा बेत होता. एका विक्रेत्याचं पत्रक आणलेलं: ६० लिटरची टाकी, दीड चौरस मीटर लागवडीचे ट्रे, वर एलईडी दिवे, ‘९० टक्के पाणीबचत’, ‘महिन्याला १० किलो भाजी’, किंमत ४५ हजार. मला विचारलं, कारण घरात सायन्सवाली मीच.

मी काय केलं? पीएचडीवाले करतात तेच. एक पेपर शोधला आणि त्यातला एक आकडा तोंडावर फेकला. ‘बाबा, एक किलो भाजीला ५६ युनिट वीज लागते. दहा रुपयाने ५६० रुपये किलो!’ बाबा गप्प बसले. पण दोन दिवसांनी चहा पिताना म्हणाले, ‘तो प्रयोग कुठला गं? अमेरिकेतला ना? तिकडे थंडी असते.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचला होता. तोही घाईत, ‘नाही’ म्हणायला आधार शोधत. तुमच्यातले बरेच जण आता सिनॉप्सिस लिहितायत आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असेच आकडे गोळा करतायत. म्हणून हा पेपर तुमच्यासमोर उघडते आहे.

पेपर आहे लव्ह, उल आणि जेनेलो यांचा, २०१५ साली ‘अ‍ॅक्वाकल्चरल इंजिनिअरिंग’मध्ये आलेला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली एक छोटी अ‍ॅक्वापॉनिक्स व्यवस्था, तरंगत्या तराफ्यांवर भाजी आणि टाक्यांत तिलापिया. दोन वर्षं त्यांनी पाणी, खाद्य, वीज आणि प्रोपेन गॅस मोजला, आणि बाहेर आलेली भाजी आणि मासेही. वर्षाला सरासरी ३५,९५० लिटर पाणी वरून भरावं लागलं, वीज आणि गॅस मिळून १९,५२६ युनिट ऊर्जा गेली. किलोभर भाजीला १०४ लिटर पाणी, अर्धा किलो खाद्य आणि ५६ युनिट. मासे किलोभर वाढायला २९२ लिटर पाणी, १.३ किलो खाद्य आणि १५९ युनिट.

आधी कौतुक करते, कारण ते मनापासूनचं आहे. या विषयात ‘पाणी वाचतं’ म्हणणारे पुष्कळ, पण मीटर लावून दोन वर्षं बसणारे थोडे. शिवाय ऊर्जेच्या खर्चाशी बाजारभाव ताडला तर मासे तोट्यात जातात, हे त्यांनी सरळ लिहिलंय. आपल्याच प्रयोगातला तोटा अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये लिहायला हिंमत लागते. आपल्याकडे तो चौथ्या प्रकरणाच्या शेवटी, बारीक टाइपात सापडतो.

आता कॅल्क्युलेटर घ्या. १९,५२६ ला ५६ ने भागा: साधारण ३४९ किलो भाजी. त्याच १९,५२६ ला १५९ ने भागा: १२३ किलो मासे. पाण्याचंही करून बघा. ३५,९५० भागिले १०४ म्हणजे ३४६, भागिले २९२ म्हणजे १२३. तेच किलो परत आले. म्हणजे वर्षाची सगळी ऊर्जा एकदा पूर्णपणे भाजीच्या नावावर टाकली, आणि तीच सगळी परत एकदा माशांच्या नावावर. यात लबाडी नाही. एकाच व्यवस्थेतून दोन गोष्टी निघतात तेव्हा खर्च कसा वाटायचा याचं एकच बरोबर उत्तर नसतं. पण वाचणाऱ्याला हे कळलं नाही, तर तो ‘भाजीला ५६, माशाला १५९’ असं वेगवेगळं बिल समजून बसतो आणि बेरीजही करतो. दोन्ही खाणाऱ्या घराने वजनावर वाटणी केली तर ४७० किलोंच्या आसपास अन्नाला किलोमागे साधारण साडेएकेचाळीस युनिट पडतात. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आमच्यासाठी मासे म्हणजे खत बनवणारं यंत्र, म्हणून सगळा खर्च भाजीवर टाकणारा ५६ चा आकडाच योग्य. एकच पेपर, एकच प्रयोग, पण मालवणी कुटुंबासाठी आकडा वेगळा आणि आमच्यासाठी वेगळा!

मग मी बाबांना सांगितलं ते बरोबरच होतं की! नव्हतं. विजेचा सर्वात मोठा वाटा टाक्यांमधल्या हीटरचा होता, आणि हे त्याच अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय. तिलापिया उबदार पाण्याचा मासा आणि बाल्टिमोरचा हिवाळा गोठवणारा. डोंबिवलीत टाकीला हीटर कशाला लागेल? बाबांचा चहाच्या वेळचा प्रश्न कुठल्याही रिव्ह्यूअरने अभिमानाने विचारावा असा होता.

उलट बाजूही आहे. बाल्टिमोरची व्यवस्था उन्हाच्या जिवावर भाजी वाढवत होती. आमच्या हॉलमध्ये ऊन नाही. म्हणजे तिकडचा मोठा खर्च इथे गळतो, आणि तिकडे फुकट असलेली गोष्ट इथे विकत घ्यावी लागते. ५६ हा आकडा कमी करून किंवा वाढवून इथे आणता येत नाही, हिशोब नव्यानेच मांडावा लागतो.

तो असा मांडला. पालेभाजीला दिवसाला चौरस मीटरमागे साधारण १४ मोल प्रकाशकण लागतात असं धरा. चांगला एलईडी एका ज्यूलमध्ये २.५ मायक्रोमोल देतो, म्हणजे एका युनिटला ९ मोल. दिवसाला दीड युनिटांहून थोडं जास्त, महिन्याला ४७. उत्पादनासाठी अ‍ॅरिझोनाच्या संशोधकांनी २०१५ मध्येच काढलेला हायड्रोपॉनिक लेट्यूसचा अंदाज घेतला: वर्षाला चौरस मीटरमागे ४१ किलो, महिन्याला साधारण ३.४. तो नियंत्रित हरितगृहासाठी गणिताने काढलेला आकडा आहे, घरात इतकं येणार नाही, पण घेऊ. म्हणजे नुसत्या प्रकाशाला किलोमागे जवळपास १४ युनिट. पाण्याचा आणि हवेचा पंप मिळून २० वॅट, चोवीस तास, म्हणजे आणखी ४. एकूण १८ युनिट, १८० रुपये. माझ्या ५६० पेक्षा कितीतरी कमी. म्हणजे माझं ‘नाही’ चुकीच्या कारणाने आलं होतं, आणि ते बाबांसमोर मागे घ्यावं लागलं. (आईने हा प्रसंग मावशीला फोनवर सविस्तर सांगितला.)

याच ४१ ने पत्रकालाही तपासता येतं. दीड चौरस मीटरवर महिन्याला १० किलो म्हणजे वर्षाला चौरस मीटरमागे ८० किलो. हरितगृहाच्या जवळपास दुप्पट, तेही हॉलमध्ये. यापेक्षा गंभीर गडबड टाकीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, २०१४ साली छोट्या अ‍ॅक्वापॉनिक्सवर एक तांत्रिक पुस्तिका काढली. या विषयात काम करायचं असेल तर ती पहिल्यांदा वाचा. तिच्यातलं प्रमाण असं: पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य. दीड चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम. आता १००० लिटरला जास्तीत जास्त २० किलो मासे ही मर्यादा धरली तर ६० लिटरमध्ये १.२ किलो मासे बसतात. ते वजनाच्या दोन टक्के खातात म्हटलं तरी २४ ग्रॅम. झाडांना लागणाऱ्या नायट्रोजनचा निम्मा भागही यातून निघत नाही. पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘गरजेनुसार द्रवरूप खत घाला’ असं का लिहिलंय, ते तेव्हा कळलं. ही हायड्रोपॉनिक्सच आहे, खाली शोभेचे मासे ठेवलेली.

टाकी मोठी केली तर? दीड चौरस मीटरसाठी ३ ते ४ किलो मासे, म्हणजे २०० लिटरच्या आसपास पाणी. एका कोपऱ्यात दोनशे किलोंहून जास्त वजन. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरमागे २०० किलो धरून आखतात. आमची इमारत तीस वर्षांची आहे, हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढायची माझी तरी तयारी नाही.

पाण्याबद्दलही एक सांगते. बाल्टिमोरमध्ये रोज साधारण एक टक्का पाणी कमी व्हायचं. पेपरमध्ये तो कौतुकाचा आकडा आहे आणि असायलाच हवा. पण घरात २०० लिटरचा एक टक्का म्हणजे रोज दोन लिटर, आणि यातलं बरंचसं वाफ होऊन हॉलच्या हवेत जाणार. जुलैमध्ये डोंबिवलीत टॉवेल वाळत नाहीत. पेपरने जो पाण्याचा खर्च म्हणून मोजला, तो आमच्याकडे भिंतीवरची बुरशी म्हणून दिसेल. हरितगृहात आणि राहत्या घरात ‘गळती’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

पेपरवर माझे आक्षेप दोनच. पहिला: व्यवस्था एकच होती. दोन वर्षांचा डेटा असला तरी नमुना एकचा, त्यामुळे दुसऱ्या कुणी हेच केलं तर आकडा किती हलेल ते यातून कळत नाही. आपला डेटा तुलनेसाठी वापरता येईल, इतकंच लेखक म्हणतात. त्यांना उद्धृत करताना माझ्यासारखे लोक ते विसरतात, हा दोष त्यांचा नाही. दुसरा आक्षेप त्यांचाच आहे. भाजी ‘निव्वळ फायद्यात’ असं लिहिलंय, पण ती तुलना बाजारभाव आणि ऊर्जेचा खर्च एवढ्यांचीच. खाद्य, सामान आणि रोज पीएच बघणारा माणूस त्या ‘निव्वळ’मध्ये नाहीत. इतक्या काळजीने मोजणाऱ्यांनी तो शब्द निवडायला नको होता.

त्या माणसाची किंमत मला माहीत आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी अशीच टाकी लावली होती. जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात हे वाचलं होतं, पण सबमिशन जवळ आलेलं, म्हणून पहिल्याच दिवशी मासे सोडले. नवव्या दिवशी सकाळी सगळे पालथे. रिपोर्टमध्ये मी ‘प्रारंभिक मर्त्यता’ असा शब्द वापरला आणि व्हायव्हामध्ये कुणी काही विचारलं नाही.

हे सगळं बाबांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी पत्रक रद्दीत टाकलं, पण नाद सोडला नाही. बाल्कनीत सकाळी चार तास ऊन येतं, तिथे ८० लिटरचा एक क्रेट, एक छोटा पंप आणि अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेत पालक, अळू. दिवे नाहीत. पंपाला प्लगमधलं युनिटमीटर लावलंय आणि वही घातली आहे. रोज सकाळी ते टेस्ट किटची नळी उजेडात धरून रंग जुळवतात आणि मला हाक मारतात. आज सतरावा दिवस. अमोनिया उतरलाय, नायट्राइट अजून जांभळं येतंय, मासे अजून दुकानातच आहेत.