एका माशाचे चरित्र

चरित्रग्रंथ म्हटला म्हणजे तो एखाद्या राजपुरुषाचा, संताचा अगर साहित्यिकाचा असावयाचा, अशी आपल्या वाचकांची सवय आहे. मार्क कुर्लान्स्की या अमेरिकन ग्रंथकाराने 1997 साली 'कॉड' नामक माशाचे चरित्र प्रसिद्ध केले आणि चरित्रनायक मुका असला तरी ग्रंथ बोलका होऊ शकतो, हे दाखवून दिले. बास्क खलाशांच्या खारवलेल्या कॉडपासून आइसलंड व ब्रिटन यांच्यामधील 'कॉड-युद्धां'पर्यंतचा विस्तीर्ण पट त्याने लहानशा पुस्तकात मोठ्या खेळकरपणे उलगडला आहे. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांस सर्वांत हलक्या प्रतीचा खारा कॉड खाऊ घालीत, ही हकीकत वाचताना आपल्या चहातील साखरही क्षणभर खारट लागते.

एवढी स्तुती मनापासून केल्यावर तक्रारही सांगावयास हरकत नसावी. चरित्राचा मर्मभाग म्हणजे नायकाचा अंत. आणि नेमका तोच भाग येथे घाईने उरकला आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटासमोरील समुद्रात 1968 साली 8 लाख टनांच्या वर कॉड धरला गेला. 1992 च्या जुलैत सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसे एका दिवसात निरुद्योगी झाली. ग्रंथकार हा अनर्थ प्रामुख्याने मनुष्याचा लोभ आणि यंत्रांचे बळ यांच्या खाती मांडतो. संशोधकांची चूक तो सांगत नाही असे नव्हे. पण ती सांगून चटकन पुढे निघून जातो. आमच्या मते सर्व शोकांतिकेचे बीज त्या चुकीतच आहे. कारण लोभी माणसे सर्व काळी असतात. येथे मात्र लोभाला लगाम घालण्यासाठी नेमलेले शहाणे लोकच फसले.

ते कसे फसले, हे पाहण्यासारखे आहे. समुद्रातील मासा डोळ्यांना दिसत नाही. तो किती आहे हे अनुमानानेच ठरवावे लागते. कॅनडाने 1977 साली दोनशे मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला, आणि यापुढे शास्त्राच्या सल्ल्याने मासे धरावयाचे असा निश्चय केला. या सल्ल्यास जे आधार होते, त्यांपैकी एक मोठा आधार असा की, ट्रॉलर तासाला किती मासे आणतो ते पाहावे. ते प्रमाण टिकले तर मासाही टिकला असे समजावे. दिसावयास हे किती सरळ! परंतु कॉड हा थव्याने राहणारा प्राणी. त्याची संख्या घटली तरी उरलेले मासे थोड्या जागेत दाटीने जमत, आणि ध्वनियंत्राच्या साहाय्याने ट्रॉलर नेमका तेथेच जाई. समुद्र रिता होत होता, तरी तासाचा हिशेब भरलेलाच दिसे.

किनाऱ्यावरच्या कोळ्यास ही भूल पडणे शक्य नव्हते. त्याचे जाळे एका जागी रोवलेले. मासा आला तर मिळावयाचा, न आला तर नाही. आपल्या किनाऱ्यावर बोंबलासाठी डोल जाळे लावून भरती-ओहोटीची वाट पाहणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. 1980 नंतरच्या दशकात न्यूफाउंडलंडचे हे लोक, मासा येईनासा झाला म्हणून सतत ओरडत होते. पण त्यांचे बोलणे 'अनुभव' ठरले, आणि ट्रॉलरची वही 'पुरावा' ठरली. पुढे संशोधकांस आपली चूक उमगली व 1989 सालासाठी त्यांनी सव्वा लाख टनांची मर्यादा सुचविली. राज्यकर्त्यांनी 2 लाख 35 हजार टन ठरविले.

टॉमस हक्स्ले याने 1883 साली लंडनच्या प्रदर्शनात समुद्रातील मोठी मासेमारी अक्षय असल्याचे सांगितले, याबद्दल आज त्याला सर्वच हसतात. आपण हे तत्कालीन साधनांपुरते बोलत आहोत, अशी पुस्ती त्याने जोडली होती, हे हसणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. त्याच प्रदर्शनात रे लँकेस्टर याने त्याच्या विरुद्ध मत मांडले होते. साधने बदलली आणि पुस्ती विसरली गेली. न्यूफाउंडलंडच्या संशोधकांचेही याहून निराळे काय झाले?

ग्रंथाचा आरंभ पेटी हार्बर या गावच्या कोळ्यांनी होतो. मासेमारीस बंदी असताना ही मंडळी संशोधनासाठी कॉड धरतात, मोजतात, त्याला खुणेची चिठ्ठी अडकवून पुन्हा पाण्यात सोडतात. प्रसंग सुंदर आहे. परंतु ग्रंथकाराने तो विषादाच्या सुरात रंगविला आहे. आम्हास त्यात पुस्तकातील सर्वांत आशेची जागा दिसते. ज्यांचे ऐकले नाही म्हणून मासा गेला, त्यांच्याच हाती मोजपट्टी आली! एवढ्या गोष्टीवर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले असते, तर मिठाच्या इतिहासाची काही पाने कमी झाली तरी वाचकाची तक्रार नसती.

या चरित्राचा उत्तरार्धही आता लिहिण्याजोगा झाला आहे. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी बत्तीस वर्षे चालली आणि 2024 च्या जूनमध्ये 18 हजार टनांच्या मर्यादेवर उठली. तत्पूर्वी 2023 साली संशोधकांनी हिशेबाची पद्धत सुधारली, 1954 पर्यंतची जुनी माहिती जमेस धरली, आणि संकटाची रेघ पूर्वीपेक्षा खाली आली. मासा त्या रेघेच्या वर दिसू लागला. मासा एकाएकी वाढला असे मात्र नव्हे. कित्येक वर्षे तो जवळजवळ तेथेच आहे. नवी रेघ अधिक खरी असेलही. पण एकदा मापानेच दगा दिलेल्या या समुद्रात, रेघ खाली येताच जाळी बाहेर काढावयाची घाई पाहून छाती धडधडते.

कुर्लान्स्की यांनी नव्या आवृत्तीत हे प्रकरण जरूर जोडावे. प्रत्येक प्रकरणाअखेर ते कॉडची एक जुनी पाककृती देतात. दुखवट्याच्या घरी पंगत मांडल्यासारखे ते आम्हास आरंभी वाटले, मागाहून सवय झाली. या नव्या प्रकरणाखाली ते कोणती पाककृती छापतात, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहो.