रचनाकाराची कीर्ती आणि वादकाचे विस्मरण

बीथोव्हेनचा व्हायोलिन-कॉन्चेर्टो ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांपैकी फारच थोड्यांना फ्रान्झ क्लेमेंट हे नाव सांगता येईल. २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नातील ‘थिएटर आन देर वीन’मध्ये ही रचना प्रथम वाजविली ती त्याने, लिहिली गेली तीही त्याच्याचसाठी. असे विस्मरण का घडावे? नाद विरून जातो आणि कागद उरतो, हे यावरचे ठराविक उत्तर. ते खोटे नाही. परंतु फार सोयीचे आहे. क्लेमेंटच्या बाबतीत कागदही उरलेला आहे. तो वाचण्याची आपली दृष्टीच एकांगी आहे, असे मला म्हणावयाचे आहे.

बीथोव्हेनने आपल्या हस्तलिखिताच्या शिरोभागी क्लेमेंटच्या नावावर कोटी केली आहे : ‘क्लेमेंझा’ म्हणजे दया, तेव्हा ही रचना क्लेमेंटसाठी दयाबुद्धीने केलेली! १८०८ साली ती छापली गेली तेव्हा मात्र अर्पणपत्रिकेत बॉनचा जुना स्नेही स्टेफान फॉन ब्रॉयनिंग याचे नाव आले. हस्तलिखितात एकल व्हायोलिनच्या ओळीचे अनेक ठिकाणी एकाहून अधिक पाठ आहेत, आणि छापील पाठ त्यांच्याशी सर्वत्र जुळत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ७ एप्रिल १८०५ रोजी, याच नाट्यगृहात, ‘एरोइका’ सिंफनीच्या पहिल्या जाहीर प्रयोगाच्या मैफलीत क्लेमेंटने स्वतःचा कॉन्चेर्टो वाजविला होता. त्याचाही मूळ स्वर बीथोव्हेनच्या कॉन्चेर्टोप्रमाणे ‘डी मेजर’च. तत्कालीन समीक्षकांनी क्लेमेंटच्या वादनात वाखाणले ते बळ नव्हे, तर नाजूकपणा आणि डौल. बीथोव्हेनच्या कॉन्चेर्टोतील संथ भागात मुख्य सुरावट वाद्यवृंद धरून ठेवतो आणि व्हायोलिन तिच्याभोवती उंच, हलक्या स्वरांची वेलबुट्टी काढीत राहते. हे लेखन एका विशिष्ट हाताच्या मापाने बेतलेले आहे. तो हात बीथोव्हेनचा नव्हे.

इतिहासग्रंथांतून क्लेमेंटविषयी उरली ती मुख्यतः एक गंमत : त्याच रात्री त्याने व्हायोलिन उलटे धरून एका तारेवर काहीतरी वाजविले म्हणे. १८४२ साली तो विपन्नावस्थेत वारला. पुढे दोनच वर्षांनी लंडनमध्ये, मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली, बारा वर्षांच्या योआखिमने हाच कॉन्चेर्टो वाजवून त्याला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. योआखिम स्मरणात राहिला. पण ‘थोर कृतीचा निष्ठावंत सेवक’ म्हणून. कृती आधीच पूर्ण झालेली असते आणि वादक ती केवळ पोचवितो, हे गृहीत तोवर रूढ होऊ लागले होते.

नादाच्या नश्वरतेनेच सारे ठरत असते, तर भाऊराव कोल्हटकर आपणांस केव्हाच विसरावयास हवे होते. १९०१ साली ते वारले. हिंदुस्थानात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. त्यांच्या गळ्याचा एक स्वरही उरलेला नाही. तरी ‘सौभद्रा’ची चर्चा किर्लोस्करांबरोबर त्यांचे नाव घेतल्यावाचून पुरी होत नाही, कारण आपल्या नाट्यरसिकांनी त्यांचे गाणे नाटकाचाच भाग मानले आणि तसे लिहून ठेवले. व्हिएन्नाच्या समीक्षेने क्लेमेंटला हा न्याय दिला नाही.

क्लेमेंटचा तो १८०५ चा कॉन्चेर्टो २००८ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन उपलब्ध झाला आहे. विद्यार्थ्यांनी तो बीथोव्हेनच्या कॉन्चेर्टोआधी ऐकावा, नंतर नव्हे.