कच्चा माल कुणाचा?

‘वारली वॉल आर्ट, सहा चित्रांचा संच, डिजिटल डाउनलोड’ अशा जाहिराती ऑनलाइन बाजारात आता पोत्याने सापडतात. मातकट पार्श्वभूमी, पांढऱ्या आकृत्या आणि त्या भिंतीवर कशा दिसतील हे दाखवायला खाली सोफा आणि कुंडीतलं रोप. लांबून ठीक वाटतं, जवळ गेलं की करमणूक सुरू होते. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, पण इथे तारपावाल्याच्या हातात सॅक्सोफोनचा कुणी दूरचा नातेवाईक आहे. तारप्याभोवती वळत वळत उलगडणारी नाचणाऱ्यांची रांग इथे कंपासने वर्तुळ मारून बंद केली आहे. बायकांना नाकडोळे आले आहेत. लग्नचौकात पालघट देवी नाही, मोर आहे, कारण मोर खपतो. विक्रेत्याला यातलं काही ठाऊक नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही. त्याने ‘वारली’ हा शब्द टाइप केला, यंत्राने चित्र दिलं, त्याने दुकान थाटलं.

हे दुकान कसं थाटावं याचे धडे देणारे व्हिडिओ मराठीतही निघाले आहेत. प्रॉम्प्ट लिहा, चित्र मोठं करा आणि टी-शर्ट, उशी, कॅलेंडर, मुलांची रंगवायची पुस्तकं, स्टॉक साइट असं जिथे जागा मिळेल तिथे टाकत राहा. काही ना काही खपतंच. गुरुजी एवढंच सांगत नाहीत, की जे तुम्हाला पाच मिनिटांत जमतं ते शेजाऱ्यालाही पाच मिनिटांतच जमतं. आवक बेसुमार झाली की भावाचं काय होतं, हे लासलगावच्या कांदाबाजारात कुणालाही विचारावं. सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन विभागाला, एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं टाकता येणार नाहीत, असा नियम करावा लागला. दिवसाला तीन पुस्तकं ही ज्यांना अडचण वाटू शकते अशा लेखक-चित्रकारांच्या युगात आपण आलो आहोत.

बाजारांनी नियम केले नाहीत असं नाही. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्ये एआय-चित्रांना दार बंद केलं. अ‍ॅडोबी स्टॉकने त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लेबल लावण्याच्या अटीवर, ते उघडलं. एट्सीने २०२४ मध्ये सांगितलं, की प्रॉम्प्ट तुमचा असेल आणि एआय वापरल्याचं जाहीर केलंत तर चित्र खुशाल विका, फक्त प्रॉम्प्टचे गठ्ठे विकू नका. हे सगळे नियम ‘यंत्र वापरलं का?’ एवढंच विचारतात. यंत्र कुणाच्या चित्रांवर शिकलं, हे विक्रेत्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते या कलेबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे, आणि सौंदर्याची चर्चा त्यानंतरची.

लिलावघरांतल्या कामाला तो लावून पाहा. एआयने काढलेल्या ‘एडमंड द बेलामी’ या व्यक्तिचित्राची कथा सगळ्यांना पाठ आहे: २०१८, क्रिस्टीज, अंदाज सात ते दहा हजार डॉलरचा आणि हातोडा पडून हिशेब झाला ४,३२,५०० डॉलरचा. सोनेरी चौकटीत एक पुसट चेहरा, कोपऱ्यात सहीच्या जागी गणिताचं सूत्र. चौदाव्या ते विसाव्या शतकातल्या पंधरा हजार व्यक्तिचित्रांचा चुरा करून हा माणूस निघाला आणि त्याला इतकाही आकार आला नाही, की तो कुणाचा बाप शोभावा. ज्या कोडचा आधार घेतला तो मोकळ्या मनाने सगळ्यांसाठी ठेवणारा एकोणीस वर्षांचा रॉबी बॅरट बाजूलाच राहिला. तिथे विकली गेली ती बातमी. २०२४ मध्ये सदबीजमध्ये आय-दा नावाच्या यंत्रमानवाने काढलेलं ट्युरिंगचं चित्र दहा लाख डॉलरच्या वर गेलं, तीही बातमीच. एआय-कलाकार रेफिक अनाडोलच्या महाकाय पडद्यांची सामग्री जाहीर असते हे मान्य, पण त्यांवर शेवटी जे वाहत राहतं ते पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीला शोभेल इतकंच. मार्च २०२५ मध्ये घराघरांतले फोटो घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या साच्यातून निघाले, त्याबद्दल बोलायचीही गरज नाही.

मग या क्षेत्रात पाहण्यासारखं काही आहे का? आहे, आणि ते जुनंही आहे. हॅरल्ड कोहेन १९६६ मध्ये व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलेला चित्रकार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१६ मध्ये निधन होईपर्यंत तो ‘आरॉन’ नावाचा एकच प्रोग्रॅम घडवत राहिला. आरॉनने इंटरनेटवरचं एकही चित्र गिळलेलं नव्हतं. बंद आकार म्हणजे काय, आत आणि बाहेर म्हणजे काय, एक वस्तू दुसरीच्या मागे कशी जाते, हे कोहेनने त्याला नियम लिहून शिकवलं. सुरुवातीला आरॉन रेषाच काढायचा आणि रंग कोहेन स्वतःच्या हाताने भरायचा. रंगाचा जाणकार असलेल्या माणसाला स्वतःची रंगदृष्टी नियमांत मांडायला कित्येक वर्षं लागली. आरॉनचं चित्र विकलं जायचं तेव्हा त्यात कुणाचं काय आहे याबद्दल संशय नसायचा.

आजच्या पिढीत हीच शिस्त अ‍ॅना रिडलरने पाळली आहे. नेदरलँड्समध्ये एका हंगामात तिने ट्युलिपचे दहा हजार फोटो स्वतः काढले आणि प्रत्येकाखाली हाताने नोंद लिहिली: रंग कोणता, पाकळीवर पट्टे आहेत का, फूल कुठल्या अवस्थेत आहे. या पांढऱ्याला फिकट गुलाबी म्हणायचं की पांढरंच, असा निर्णय दहा हजार वेळा घ्यायचा. ‘मिरियड (ट्युलिप्स)’मध्ये तिने हे फोटोच भिंतीवर ओळीने मांडले, जो डेटासेट इतर लोक लपवतात तोच तिने कलाकृती म्हणून समोर ठेवला. मग त्याच फोटोंवर शिकवलेल्या यंत्राकडून तिने ‘मोझेक व्हायरस’मध्ये फुलं उमलवली आणि पाकळ्यांवरचे पट्टे बिटकॉइनच्या भावाला बांधले. भाव हलला की पट्टे बदलतात. सतराव्या शतकात डच माणसं ज्या पट्ट्यांच्या कंदांवर सट्टा खेळली, ते पट्टे एका विषाणूमुळे येत होते. एआय-चित्रांच्या बाजारावर याहून नेमकी टीका मी पाहिलेली नाही, आणि ती एआयनेच काढलेल्या चित्रांतून आली आहे.

हेलेना सारिन ही मूळची इंजिनिअर स्वतःची रेखाटनं आणि स्वतः काढलेले फोटोच यंत्राला खाऊ घालते. त्यामुळे तिचं काम दहा कामांत ओळखू येतं. आपल्याकडे दिल्लीच्या नेचर मॉर्ट गॅलरीत २०१८ मध्ये ‘ग्रेडियंट डिसेंट’ हे एआय-कलेचं प्रदर्शन झालं. त्यातल्या हर्षित अग्रवालने शस्त्रक्रियेच्या प्रतिमांवर यंत्राला शिकवून शरीराची चित्रं काढली. ती सुखद नाहीत, पण यंत्राला काय दाखवायचं हे तिथे चित्रकाराने ठरवलं आहे आणि चित्राचा अर्थ त्या निवडीतच आहे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: सगळे चित्रकार दुसऱ्यांचं बघूनच शिकतात. शिकतात, पण जेजे स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी दहा गुरूंची नावं सांगतो आणि त्याची पहिली नक्कल गुरूच पकडतो. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या यंत्रामागचा लायन हा साठा पाच अब्जांहून अधिक चित्र-मजकूर जोड्यांचा. त्यातल्या कुणाला विचारलं नाही, कुणाला दमडी दिली नाही. दुसरा आक्षेप रवि वर्म्यांच्या नावाने येतो: १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यानेही स्वस्त चित्रं घरोघरी पोहोचवलीच ना? पोहोचवली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती लक्ष्मी कुणाची हे दिवाणखान्यातल्या पोरालाही माहीत होतं, आणि छापखाना विकला गेला तेव्हा छपाईच्या हक्कांचाही सौदा झाला. प्रत काढणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रश्न प्रत कुणाची आणि कुणाला विचारून, हा आहे.

गंमत अशी, की ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याही हाती काही टिकत नाही. कोलोरॅडोच्या जत्रेत २०२२ मध्ये मिडजर्नीने काढलेल्या चित्राला तीनशे डॉलरचं बक्षीस मिळवणाऱ्या जेसन अ‍ॅलनला अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने हक्क नाकारला. शेकडो प्रॉम्प्ट लिहिल्याचा त्याचा दावाही चालला नाही. आता तेच चित्र दुसऱ्या कुणी छापून विकलं तर त्याला अडवणार कसं, म्हणून तो कोर्टात गेला आहे. जगाची चित्रं न विचारता घेणाऱ्याने आपलं चित्र न विचारता घेऊ नये म्हणून दाद मागावी, यापेक्षा मोठा विनोद नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं म्हटलं आहे. नवे दुकानदार त्यावर विसंबून आहेत. पण ‘करवणं’ म्हणजे काय? वारली हा एक शब्द टाइप करणं?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला आणि ते योग्यच होतं. वारलीलाही कोल्हापुरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांना आपण पद्मश्री दिली. आणि तीच चित्रं आपलीच पोरं रोज नावानिशी, मोडूनतोडून विकत असताना आपण गप्प आहोत, उलट त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतो आहोत. चोर परका असला की अस्मिता आणि घरचा असला की स्टार्टअप, हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना सांगणं आहे: मुखपृष्ठकाराच्या जागी ‘एआय’ एवढंच छापून हात झटकू नका. यंत्राला काय दाखवलं, कुणाचं दाखवलं आणि त्याला किती पैसे दिले, हे चित्र आणून देणाऱ्याला विचारा. उत्तर असेल तर मानधन द्या, चित्रकाराइतकंच द्या. उत्तर नसेल तर ते पैसे डहाणूच्या एखाद्या वारली चित्रकाराला द्या आणि मुखपृष्ठ त्याच्याकडून करून घ्या. आणि वाचकहो, ज्याला आपल्या चित्राचा कच्चा माल कुठून आला हे सांगता येत नाही, त्याचं चित्र फुकट मिळालं तरी भिंतीवर लावू नका.