संबोधनाचे व्याकरण आणि गॅड्सडेनचे न्यायालय

दि. २५ जून १९६३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात गॅड्सडेन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन साक्ष देण्यास उभ्या राहिल्या. (मराठीत हे वाक्य लिहितानाच ‘उभी राहिली’ की ‘उभ्या राहिल्या’ याचा निर्णय करावा लागतो. इंग्रजी क्रियापद या पेचातून मोकळे आहे. म्हणून तेथे आदर-अनादराचा सारा भार नावावर व नावामागील उपपदावर पडतो.) हॅमिल्टन या ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॉलिटी’ या संस्थेच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या होत्या. नाव विचारले असता त्यांनी ‘मिस मेरी हॅमिल्टन’ असे सांगितले. सरकारी वकिलांनी पुढील प्रश्न ‘मेरी’ असे संबोधून केला. योग्य संबोधनावाचून आपण उत्तर देणार नाही, असे त्यांनी बजावले. वकिलांनी पुन्हा ‘मेरी’च म्हटले. न्यायाधीशांची आज्ञा झाल्यावरही त्या बोलल्या नाहीत, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद व ५० डॉलर दंड झाला.

या घटनेच्या दोनच वर्षे आधी, १९६१ साली, रॉजर ब्राउन व मार्गरिट फोर्ड यांचा अमेरिकन इंग्रजीतील संबोधनांवरील निबंध प्रसिद्ध झाला होता. आधुनिक अमेरिकन नाटके, बॉस्टनमधील एका व्यवसायसंस्थेतील बोलणे इत्यादी सामग्री तपासून त्यांनी असा सिद्धांत मांडला की, अनोळखी प्रौढ माणसे परस्परांना उपपद व आडनाव यांनी संबोधतात आणि परिचय वाढताच परस्परांना प्रथमनामाने हाक मारू लागतात. एकाने प्रथमनाम वापरावे व दुसऱ्याने उपपद, अशी विषमता मुख्यतः वय व व्यवसायातील दर्जा यांमुळे उत्पन्न होते. निबंध नेटका आहे आणि त्याचा दबदबा उचितच होय. परंतु गॅड्सडेनच्या वकिलांचे वर्तन या सूत्रांत बसत नाही. वकील व साक्षीदार परस्परांस अपरिचित होते आणि स्थळ तर औपचारिकतेचा कळस. तेथे प्रथमनाम येते ते जवळिकीमुळे नव्हे, वयामुळेही नव्हे. बरे, हा एका वकिलाचा उद्धटपणा म्हणून सोडून देता येत नाही. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या स्त्रीस ‘मिस’ वा ‘मिसेस’ आणि कृष्णवर्णीय स्त्रीस केवळ प्रथमनाम, ‘गर्ल’ किंवा उतारवयात ‘आंटी’, हा सर्वपरिचित नियम होता. अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या भूभागावरील नियम ज्या वर्णनात गौणही ठरत नाही, ते वर्णन अमेरिकन इंग्रजीचे कितपत म्हणावे?

ही उणीव सूझन अर्विन-ट्रिप यांनी १९७२ साली भरून काढण्याचा प्रयत्न केला. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे एका गोऱ्या पोलिसाने आपणास ‘बॉय’ म्हणून हटकल्याची हकिकत मानसोपचारतज्ज्ञ ॲल्विन पूसाँ यांनी १९६७ साली लिहिली होती. त्यांनी आपण डॉक्टर असल्याचे सांगितले असता पोलिसाने पुन्हा ‘बॉय’ म्हणून प्रथमनाम मागितले. अर्विन-ट्रिप यांचा अभिप्राय असा की, येथे संज्ञापनात कोठेही बिघाड झालेला नाही. संबोधनव्यवस्थेत वंशाची एक निवडकळ आहे, ती उभयतांस ठाऊक आहे, म्हणूनच अपमान बिनचूक पोहोचला.

हे विवेचन मार्मिक आहे, पण अपुरे आहे. व्याकरणाचा नियम मोडणाऱ्यास लोक हसतात. त्याला तुरुंगात कोणी घालत नाही. ज्या नियमामागे कैद व दंड उभे आहेत, त्याची आकृती वाक्यरचनेच्या नियमासारखी काढली की त्यातील सक्ती दृष्टीआड होते. हॅमिल्टन यांना तो नियम पोलिसाइतकाच उत्तम अवगत होता. त्यांनी नाकारले ते त्याचे पालन; आणि न्यायासनाला त्या नियमाचे उघड समर्थन करणे भाग पडले.

अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. साक्षीदाराचे नाव ‘मेरी हॅमिल्टन’ असल्याचे नोंदीवरून सिद्ध होते, ‘मिस मेरी हॅमिल्टन’ नव्हे. आणि कोणासही त्याच्या नावाने संबोधणे कायद्यास मान्य आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. नामनिर्देश व संबोधन यांतील भेद इतक्या सफाईने पुसण्याचे उदाहरण विरळाच! ३० मार्च १९६४ रोजी संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्यासाठी त्याने भाषेविषयी एक अक्षरही लिहिले नाही. आधार म्हणून फक्त १९६३ च्या ‘जॉन्सन विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्याचा उल्लेख केला. तो खटला न्यायालयातील वंशवार बैठकीचा होता. हाक मारणे व बाकावर वेगळे बसविणे या एकाच जातीच्या कृती आहेत, हे न्यायालयाने केवळ त्या उल्लेखाने सांगितले.

येथे स्त्रीत्वाचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो वंशाच्या प्रश्नातून सोडवून वेगळा काढता येत नाही. पुरुषाचे ‘मिस्टर’ त्याच्या विवाहाविषयी मौन पाळते. ‘मिस’ व ‘मिसेस’ मात्र स्त्रीचा विवाह जाहीर करतात. म्हणून १९७० नंतर स्त्रीवादी चळवळीने दोहोंऐवजी ‘मिझ’चा आग्रह धरला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो १९८६ साली मान्य केला. हा आग्रह न्याय्यच होता. पण तो धरणाऱ्या बहुसंख्य गोऱ्या स्त्रियांना जे जोखड वाटले, त्याच शब्दासाठी हॅमिल्टन कैदेत गेल्या. गुलामांचा विवाह दक्षिणेचा कायदा मुळी मानतच नसे. त्यांच्या वंशजांना ‘मिसेस’ हे उपपद जाचक वाटण्याआधी ते लाभायला तर हवे होते. टोनी मॉरिसन यांनी १९७१ साली दक्षिणेतील पाट्यांकडे लक्ष वेधले होते: गोऱ्यांसाठी ‘लेडीज’, इतर वर्णीयांसाठी ‘विमेन’. स्त्रीवाचक शब्दांचा विचार केवळ पुरुषवाचक शब्दांच्या तुलनेने करणारे विवेचन या पाट्यांपाशी अडखळते.

गॅड्सडेनचे नाव पुन्हा एकदा सर्वोच्च न्यायालयात आले. तेथील कुक्कुटमांसाच्या कारखान्यातील दोन कृष्णवर्णीय कामगारांना गोरा व्यवस्थापक ‘बॉय’ म्हणत असे. मागे वर्णवाचक विशेषण नसेल तर नुसता हा शब्द वंशद्वेषाचा पुरावा होत नाही, असे अपील न्यायालयाने ठरविले होते. ‘ॲश विरुद्ध टायसन फूड्स’ या २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते मत चुकीचे ठरविले आणि अर्थनिश्चितीसाठी संदर्भ, स्वराघात, आवाजाची धाटणी, स्थानिक प्रघात व शब्दाचा पूर्वेतिहास पाहावयास सांगितले. त्यानंतरही अपील न्यायालय २०१० साली आपल्या जुन्याच मतावर आले आणि २०११ साली त्याने ते स्वतःच मागे घेतले.